हृदयाचा राखीव ठोका, रुग्णालयाचा राखीव सर्व्हर

१९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमध्ये पारा पहिल्यांदाच ४० अंशांच्या पुढे गेला. लिंकनशायरमधील कॉनिंग्सबी येथे ४०.३ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. विदर्भातल्या वाचकाला यात विशेष काही वाटणार नाही. पण त्याच दिवशी लंडनच्या गाइज आणि सेंट थॉमस या सरकारी रुग्णालयांची संगणक यंत्रणा कोलमडली. या संस्थेकडे दोन डेटा सेंटर होती. एक गाइजच्या आवारात, दुसरे दोनेक किलोमीटरवरच्या सेंट थॉमसच्या आवारात. एक बंद पडले तर दुसरे सांभाळून घेईल, असा हिशेब होता. त्या दिवशी दोन्हीकडची थंडाव्याची यंत्रणा उष्णतेपुढे हरली आणि दोन्ही केंद्रे बंद पडली. नंतरच्या चौकशी अहवालात बाधित संगणक प्रणालींचा आकडा ३७१ दिला आहे. डॉक्टरांना जुन्या तपासण्या दिसेनात, शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, वॉर्डांमध्ये कागद-पेन आले. सगळे पूर्वपदावर यायला काही आठवडे गेले.

आपल्याकडच्या रुग्णालयांत आता केसपेपरपासून रक्ताच्या अहवालापर्यंत सगळे संगणकावर चालले आहे. ते चांगलेच आहे. पण प्रत्येक निविदेत ‘हाय अव्हेलेबिलिटी’ हे दोन शब्द टाकले, दोन सर्व्हर विकत घेतले आणि उद्घाटनाची फीत कापली की विश्वासार्हता आली, असा जो समज दिसतो तो धोकादायक आहे. लंडनमध्येही दोन होतीच.

अनेक संगणक जोडून ते एकच असल्यासारखे काम करतील अशी रचना करणे म्हणजे क्लस्टरिंग. एकावर काम चालू असते, दुसरा तयारीत उभा असतो. किंवा सगळेच काम वाटून घेतात. यातल्या राखीव सर्व्हरला मुख्य सर्व्हर जिवंत आहे की नाही हे कळावे म्हणून मुख्य सर्व्हर ठरावीक अंतराने एक छोटासा संदेश पाठवत राहतो. अभियंते त्याला ‘हार्टबीट’ म्हणतात. लिनक्सवर हे काम करणाऱ्या एका जुन्या प्रणालीचे नाव हार्टबीटच होते आणि तिच्यातून पुढे आलेल्या प्रणालीचे नाव पेसमेकर आहे. नावे उगाच पडलेली नाहीत. आपल्या हृदयात हीच व्यवस्था आहे. उजव्या कर्णिकेतला सायनस नोड मिनिटाला ६० ते १०० ठोक्यांचा ताल देतो. तो थांबला तर त्याच्या खालचा एव्ही नोड ४० ते ६० च्या गतीने ताल धरू शकतो. तोही गेला तर जवनिकेतल्या पेशी २० ते ४० च्या संथ गतीने का होईना, रक्त पुढे ढकलत राहतात. वरचा ताल येत असतो तोवर खालची केंद्रे गप्प बसतात, कारण वेगवान ताल त्यांना दाबून ठेवतो.

या व्यवस्थेतली एक गोष्ट हृदयरोगतज्ज्ञ चांगली ओळखतात. सायनस नोड अचानक थांबला तर खालचे केंद्र त्या क्षणी जागे होत नाही. मध्ये काही सेकंदांची पोकळी राहते आणि तेवढ्यात माणूस चक्कर येऊन पडू शकतो. सर्व्हरचेही तसेच आहे. हार्टबीट आला नाही म्हणून राखीव सर्व्हरने किती वेळ वाट पाहायची? दोन सेकंद ठेवले तर नेटवर्कला जरा उचकी लागली की तो उगाचच सूत्रे हाती घेईल. दोन मिनिटे ठेवली तर अतिदक्षता विभागातल्या परिचारिकेसमोरचा पडदा दोन मिनिटे गोठलेला राहील. हा आकडा किती असावा हे बहुतेक ठिकाणी यंत्रणा बसवणारा कंत्राटदार ठरवतो. बरेचदा तर प्रणालीसोबत जो आकडा आला तोच राहतो. त्या विभागात काम करणाऱ्या एकालाही त्याबद्दल विचारलेले नसते.

याहून अवघड पेच पुढचा आहे. हार्टबीट येईनासा झाला याचा अर्थ मुख्य सर्व्हर मेला असा होत नाही. कदाचित मधली तार तुटली असेल. दोघेही जिवंत, पण एकमेकांना दिसत नाहीत. मग राखीव सर्व्हर स्वतःला मुख्य समजून नोंदी घेऊ लागतो, तिकडे मूळ मुख्यही नोंदी घेतच असतो. याला ‘स्प्लिट ब्रेन’ म्हणतात. हृदयात याच्या जवळ जाणारी अवस्था म्हणजे ‘कम्प्लीट हार्ट ब्लॉक’. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधला संपर्क तुटतो आणि दोघे आपापल्या तालावर चालतात. शरीरात खालचा तो स्वतंत्र ताल निदान जीव तरी टिकवतो. नोंदींच्या बाबतीत मात्र दोन स्वतंत्र ताल म्हणजे दोन वेगवेगळी सत्ये, आणि ती नंतर जुळवायची कशी हे अनेकदा कुणालाच सांगता येत नाही.

जगभरचे प्रोग्रॅमर आपले काम जिथे ठेवतात त्या गिटहब या सेवेने २१ ऑक्टोबर २०१८ रोजी हे अनुभवले. देखभालीच्या कामात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा एक जोड ४३ सेकंदांसाठी तुटला. तेवढ्यात स्वयंचलित यंत्रणेने बहुमताने निर्णय घेऊन मुख्यपद पश्चिम किनाऱ्यावरच्या डेटाबेसला दिले. जोड परत आला तेव्हा दोन्ही किनाऱ्यांवर अशा काही नोंदी होत्या ज्या दुसरीकडे नव्हत्या. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली. कारण कंपनीने घाई करण्यापेक्षा नोंदी शाबूत राखणे पसंत केले. माझ्या मते तो निर्णय बरोबर होता. ४३ सेकंदांची किंमत एक अख्खा दिवस, हे प्रमाण मात्र ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तिथे सगळी यंत्रे नेमून दिल्याप्रमाणेच वागली होती.

यावर उपाय आहेत. पहिला बहुमताचा. दोनऐवजी तीन सर्व्हर ठेवा आणि निम्म्याहून अधिक ज्या बाजूला असतील त्यांनीच काम चालू ठेवावे, उरलेल्याने मुकाट्याने थांबावे. तीन असले तर एक बंद पडणे सोसते, पाच असले तर दोन. चार घेतले तरी एकच सोसते. चौथ्याचे पैसे त्या दृष्टीने वाया. तिसरा सर्व्हर महागडा असायलाही नको. दुसऱ्या जागी ठेवलेला, केवळ मत देण्यापुरता एक छोटा संगणक साक्षीदार म्हणून पुरतो. दुसरा उपाय जरा क्रूर आहे. सूत्रे हाती घेण्याआधी समोरच्या सर्व्हरची वीजच तोडायची, म्हणजे तो जिवंत असला तरी गप्प होईल. अभियंत्यांमध्ये याला ‘स्टोनिथ’ म्हणतात आणि त्याचा विस्तार साधारणपणे ‘दुसऱ्याच्या डोक्यात गोळी घाला’ असा होतो. ऐकायला भयानक, पण दोन राजे असण्यापेक्षा बरे. हे दोन्ही न करता नुसतेच दोन सर्व्हर एकमेकांवर नजर ठेवून बसवणे म्हणजे स्प्लिट ब्रेनला आमंत्रण.

आता मुद्द्याचे. संपर्क तुटला असताना यंत्रणेने उत्तर द्यायचे की थांबायचे? एरिक ब्रुअर यांनी २००० साली हा पेच मांडला आणि २००२ मध्ये सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी तो गणिताने सिद्ध केला. संपर्क तुटलेला असताना प्रत्येकाला उत्तर मिळेल आणि ते उत्तर सगळीकडे एकच असेल, या दोन्ही गोष्टी एकदम साधत नाहीत. एक सोडावी लागते. संगणकशास्त्राच्या वर्गात हा प्रमेयाचा विषय आहे. रुग्णालयात तो वैद्यकीय निर्णय आहे, आणि वेगवेगळ्या कामांसाठी त्याचे उत्तर वेगवेगळे आहे.

रक्तपेढी घ्या. एकच पिशवी दोन बाजूंच्या सर्व्हरनी दोन रुग्णांच्या नावे राखून ठेवली, तर ऐन वेळी एकाला ती मिळणार नाही. इथे यंत्रणेने शंका असताना थांबलेलेच बरे. तंत्रज्ञ फोन उचलेल, पिशवी हातात घेऊन खात्री करेल. ॲलर्जीच्या नोंदीचे उलट. पेनिसिलिन चालत नाही ही माहिती दोन तासांपूर्वीची असली तरी दिसलीच पाहिजे, आणि दोन्ही बाजूंनी नव्या नोंदी झाल्या असतील तर नंतर दोन्ही एकत्र केल्या की काम भागते. त्यात वाढ झाली म्हणून नुकसान नाही. औषध दिल्याच्या नोंदीचे मात्र दोन्ही बाजूंनी अवघड आहे. सकाळचे इन्सुलिन दिल्याची नोंद एका सर्व्हरवर झाली आणि दुसऱ्यावर दिसली नाही, तर पुन्हा दिले जाण्याची भीती. पडदा पूर्ण बंद ठेवला तर काय चालू आहे हेच कळणार नाही. अशा ठिकाणी माहिती दाखवावी, पण तिच्या डोक्यावर ठळकपणे लिहावे की ही १० वाजून ४० मिनिटांपर्यंतची स्थिती आहे. एवढी एक ओळ पडद्यावर आणणे तांत्रिकदृष्ट्या फारसे कठीण नाही. ती कुणी मागतच नाही. ही यादी डॉक्टर, परिचारिका, रक्तपेढी आणि प्रयोगशाळेतले लोक यांनी बसून करायला हवी आणि मग निविदा निघायला हवी. आज नेमका उलटा प्रवास होतो. आधी यंत्रणा येते, मग प्रशिक्षणाच्या नावाखाली लोकांना तिच्या मापाचे केले जाते.

क्लस्टरिंगचा दुसरा हेतू वाढत्या भाराला पुरे पडणे. त्याचे आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे कोविन. २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी ४ वाजता १८ ते ४४ वयोगटाची नोंदणी खुली झाली आणि देशभरचे तरुण एकाच वेळी आदळले. सुरुवातीला पोर्टल अडखळले, ओटीपी येईनात, समाजमाध्यमांवर थट्टा झाली. तरी पहिल्याच दिवशी सव्वा कोटीहून अधिक नोंदण्या झाल्या. एकच प्रचंड सर्व्हर आणखी प्रचंड करत नेणे अशा भाराला पुरत नाही. पुढे अनेक साधे सर्व्हर लावून गर्दी वाटावी लागते. केसपेपरच्या खिडक्या वाढवण्यासारखेच हे. पण खिडक्या कितीही वाढवल्या तरी मागे रजिस्टर एकच असेल तर रांग तिथे साचते. लसीच्या केंद्रावरची शेवटची जागा कुणाला मिळाली हे कुठेतरी एकाच ठिकाणी ठरावे लागते. खिडक्या वाढवणे सोपे आहे. अवघड असते ते रजिस्टर वाटणे. ते वाटले की वाटेकऱ्यांना आपसात विचारपूस करावी लागते, आणि वाटेकरी वाढले की विचारपूसही वाढते.

इथे मला विक्रेत्यांवर थोडा राग काढायचा आहे. २०० खाटांच्या रुग्णालयाला कोविनसारखा भार कधीच येत नाही. त्याचा दिवसभराचा सगळा व्यवहार एका चांगल्या सर्व्हरवर आरामात मावतो. तरीही त्याला दहा सर्व्हरची रचना विकली जाते, कारण ‘उद्या वाढाल तेव्हा’ हे वाक्य व्यवस्थापनाला आवडते. सर्व्हर वाढले की बिघडू शकणाऱ्या गोष्टीही वाढतात आणि त्या सांभाळणारा माणूस मात्र एकच असतो, तोही बहुधा कंत्राटी. अशा रुग्णालयाने पैसा वाढीवर घालण्यापेक्षा टिकण्यावर घालावा.

टिकण्याचा हिशेब कागदावर फार गोड दिसतो. ९९ टक्के वेळ चालणारा सर्व्हर वर्षात साडेतीन दिवसांहून जास्त बंद असतो. तसे दोन घेतले आणि ते एकमेकांशी संबंध न ठेवता बंद पडत असतील, तर दोन्ही एकदम बंद असण्याची वेळ वर्षाला जेमतेम ५३ मिनिटे. सगळी गंमत ‘संबंध न ठेवता’ या शब्दांत आहे. आपल्याला मूत्रपिंडे दोन असतात. एकाला खडा झाला तर दुसरे सांभाळते, एक दान केले तरी माणूस जगतो. पण रक्तदाब फार खाली गेला, जंतुसंसर्ग रक्तात पसरला, तर दोन्ही बरोबरच बंद पडतात, कारण दोघांचा रक्तपुरवठा एकाच प्रवाहातून येतो. लंडनमधल्या दोन केंद्रांना इमारती वेगळ्या होत्या, आकाश एकच होते. १९ जुलै २०२४ रोजी, योगायोगाने तीच तारीख, क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अद्ययावतीकरणाने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या दवाखान्यांची यंत्रणा ठप्प झाली. तिथे राखीव यंत्रेही बंद पडली, कारण त्यांच्यावरही तेच सॉफ्टवेअर त्याच वेळी गेले होते. आपल्या घरचे उदाहरण १२ ऑक्टोबर २०२० चे आहे. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज गेली तेव्हा सांगितले गेले की कळवा-पडघा वाहिनीचे एक सर्किट देखभालीसाठी बंद होते, म्हणून सगळा भार दुसऱ्यावर होता, आणि नेमके त्यातच बिघाड झाला. सर्व्हरच्या खोलीतही हे नेहमी घडू शकते. एक दुरुस्तीला काढला की त्या काळात तुमच्याकडे राखीव काहीच नसते.

आणि एक गैरसमज तर अगदी वरिष्ठांमध्येही आढळतो की क्लस्टर आहे म्हणजे बॅकअप आहे. क्लस्टर प्रत्येक नोंद तत्परतेने दुसरीकडे उतरवतो. त्यामुळे चुकून पुसलेली फाइल दुसरीकडेही तत्परतेने पुसली जाते आणि हल्लेखोराने कुलूपबंद केलेली माहिती दुसरीकडेही कुलूपबंद होऊ शकते. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार ५ सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि नेटवर्कचे विभाग नीट वेगळे न केल्यामुळे हे शक्य झाले. बाह्यरुग्ण नोंदणी, प्रयोगशाळा, बिले असे सगळे कित्येक दिवस हाताने चालवावे लागले. ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली ती हल्ल्यातून बचावलेल्या एका बॅकअप सर्व्हरमुळे. तो वेगळा राहिला म्हणून वाचला. दक्षिण कोरियाला एवढेही नशीब लाभले नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी डेजॉन येथील सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटरींना आग लागली, ७०९ सरकारी प्रणाली थांबल्या आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइली ठेवणारी ८५८ टेराबाइटची साठवण जळून गेली. तिची प्रत दुसरीकडे नव्हती. तंत्रज्ञानात जगाच्या पुढे असलेल्या देशाची ही गोष्ट.

मग सगळे मोठ्या क्लाउड कंपन्यांकडे सोपवावे का? बऱ्याच बाबतीत होय. जिल्हा रुग्णालयाच्या कोपऱ्यातल्या खोलीपेक्षा त्यांची वीज, थंडावा आणि पहारा नक्कीच चांगला असतो. पण लंडनच्या त्या उष्ण दिवशी गूगल आणि ओरॅकल यांच्या तिथल्या केंद्रांनाही थंडाव्याच्या अडचणी आल्या होत्या. शिवाय गडचिरोलीत किंवा तळकोकणात पावसाळ्यात इंटरनेटची तार तुटली, तर मुंबईतला क्लस्टर शाबूत असून उपयोग काय? अशा ठिकाणी रुग्णालयाच्या आवारातच दाखल रुग्णांच्या नोंदींची एक ताजी, फक्त वाचता येणारी प्रत हवी. साधा संगणक, स्वतःची बॅटरी आणि एक प्रिंटर. दर काही तासांनी प्रत्येक वॉर्डाचा सारांश त्यावर उतरत राहिला, तर यंत्रणा गेल्यावर परिचारिकेच्या हातात निदान औषधांचा तक्ता आणि ॲलर्जीची यादी असेल. निविदेच्या एकूण रकमेत याचा खर्च शोधावा लागेल इतका किरकोळ आहे.

राहिला तालमीचा प्रश्न. रुग्णालये जनरेटर नियमित चालवून पाहतात. आगीची तालीम होते. हृदय बंद पडल्यावरच्या ‘कोड ब्लू’चा सरावही चांगल्या रुग्णालयांत होतो. मुख्य सर्व्हर मुद्दाम बंद करून राखीव उभा राहतो का, हे मात्र बसवल्याच्या दिवशी एकदा पाहिले जाते आणि नंतर कुणी हात लावत नाही. नेटफ्लिक्सने आपले चालू सर्व्हर अधूनमधून स्वतःच पाडणारी ‘केऑस मंकी’ नावाची प्रणाली एक तपापूर्वीच बनवली. लोकांचे सिनेमे अडकू नयेत म्हणून. रुग्णालयात एवढे धाडस करा असे मी म्हणणार नाही. पण तीन महिन्यांतून एकदा, रविवारी पहाटे, आधी सूचना देऊन, वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांना सोबत घेऊन मुख्य सर्व्हर बंद करावा. राखीव किती वेळात उभा राहिला ते घड्याळ लावून मोजावे, आणि मग बॅकअपमधून एका रुग्णाची फाइल खरोखर परत मिळवून पाहावी. तो आकडा कंत्राटाच्या पुढच्या देयकाला जोडावा आणि रुग्णालयाच्या दर्शनी फलकावर, खाटांच्या संख्येखाली, लिहावा.